फाट्यावरच्या टपऱ्या आणि मुलींच्या सायकली

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यातून एका महिलेने हे पत्र लिहिले आहे. तालुक्याचे ठिकाण त्यांच्या गावापासून चार किलोमीटरवर आहे. तेथे नगरपंचायत झाल्यापासून वाटेवर दोन्ही बाजूंनी लेआउट पडले, शेतांचे प्लॉट झाले आणि जुना बंडीरस्ता (बैलगाडीची वाट) रुंद होऊन राज्यमार्ग बनला. मागच्या श्रावणात फाट्यावर रेतीच्या टिप्परचा धक्का लागून नववीतल्या एका मुलीचा पाय मोडला. तेव्हापासून पत्रलेखिका आणि त्यांच्या बचत गटाच्या महिला दोन मागण्या करत आहेत : गावापासून तालुक्याच्या शाळेपर्यंत स्वतंत्र सायकल मार्ग व्हावा, आणि फाट्यावर वाहनांच्या वेगाला आळा बसावा. सुमारे साडेतीनशे सह्या जमल्या. पण आपल्या टपऱ्या उठतील म्हणून फाट्यावरचे दुकानदार विरोधात गेले आणि धुऱ्यालगतची, म्हणजे बांधालगतची, जमीन जाईल म्हणून शेतकरी धास्तावले. विरोध करणाऱ्यांत लेखिकेचे धाकटे दीरही आहेत. फाट्यावर त्यांचे किराणा आणि चहाचे दुकान आहे. एकत्र कुटुंबात आता अबोला आहे. गावातली तरुण मुले रस्ता रोको करू म्हणतात, सासरे विषय सोडून दे म्हणतात. लेखिका विचारतात, "लोकांचा पाठिंबाच नसेल तर असा मार्ग मागायचा कशाला? मी घर सांभाळू की रस्ता?"

ताई, सप्रेम नमस्कार.

ज्या मुलीचा पाय मोडला ती आता शाळेत कशी जाते, हे तुमच्या पत्रात नाही. ती ऑटोने जात असेल तर महिन्याचे भाडे कोण भरते, पुन्हा सायकलवर बसली असेल तर फाट्यावर उतरून सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडते का, आणि शाळाच सुटली असेल तर घरच्यांनी तिच्याबद्दल पुढे काय ठरवले आहे, हे जाणून घ्यावेसे वाटले. तुमच्या पत्रात दुकानदार आहेत, शेतकरी आहेत, सासरे, दीर, सरपंच आणि अभियंता आहेत. ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्या मुलींचे मात्र एकही वाक्य नाही. हा तुमच्या एकटीचा दोष नाही. मोठ्यांनी मुलींच्या काळजीपोटी काही ठरवायचे आणि मुलींनी ते निमूटपणे घ्यायचे, ही आपली इतकी जुनी रीत आहे की त्यांना विचारायचे राहून गेले हेही आपल्या ध्यानात येत नाही.

म्हणून सर्वांत आधी हे करा. सायकलने किंवा पायी शाळेत जाणाऱ्या मुलींना एका दुपारी एकत्र बसवा, प्रत्येकीला एक कोरा कागद द्या आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगा. जिथे भीती वाटते तिथे तिने लाल खूण करावी आणि भीती कशाची ते शेजारी दोन शब्दांत लिहावे. त्या वेळी वडीलधारी माणसे तिथे नसावीत; मुलींना जवळची वाटणारी एखादी शिक्षिका असली तर पुरे. जी उत्तरे येतील ती सगळी आपल्या अपेक्षेप्रमाणे असतीलच असे नाही. टिप्परची भीती असेलच, पण कुणाला लेआउटमधल्या अर्धवट बांधकामापाशी नको वाटत असेल, कुणाला दिवाळीनंतर लवकर पडणाऱ्या अंधाराची धास्ती असेल, तर कुणी फाट्यावर घोळका करून उभ्या राहणाऱ्या टवाळ पोरांमुळे मान खाली घालून जात असेल. मी असे नकाशे एका गावात काढून घेतले होते. त्यांत सर्वाधिक लाल खुणा वळणावर पडल्या नाहीत; त्या शाळेच्या फाटकासमोर पडल्या, कारण शाळा सुटताना तिथे पालकांच्याच मोटारसायकली आडव्यातिडव्या उभ्या राहत. त्या गावाला सायकल मार्गाआधी फाटकासमोरची जागा मोकळी करण्याची गरज होती आणि ते काम आठ दिवसांत झाले.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पाठिंबा नसेल तर मागायचे कशाला, असे तुम्ही विचारता. पाठिंबा म्हणजे कोठीत भरून ठेवलेले धान्य नाही, की आधी माप घालून पाहावे आणि पुरेसे भरले तरच पंगत बसवावी. तुमच्या साडेतीनशे सह्या खऱ्या आहेत, पण बहुतेक सह्या ज्यांना मुळातच पटले होते त्यांच्या असणार. फाट्यावर ज्यांचे पोट आहे आणि ज्यांचा धुरा रस्त्याला लागून आहे, त्यांच्यापर्यंत तुमचा कागद सहीसाठी पोहोचला, चर्चेसाठी पोहोचला नाही. तयार मागणीवर सही मागितली की माणसापुढे हो किंवा नाही एवढाच पर्याय उरतो, आणि ज्याला धोका दिसतो तो नाही म्हणतो.

आज सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या नेदरलँड्समध्येही असा पाठिंबा आयता नव्हता. १९७१ या एका वर्षात तेथे सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर मुलांचे हे मृत्यू थांबवा अशी हाक देत पालक रस्त्यावर उतरले. त्याच दशकात सरकारने टिलबर्ग आणि हेग या शहरांत एकेक नमुन्याचा सायकल मार्ग बांधला, तेव्हा हेगमध्ये दुकानदारांनी त्याला विरोध केला. त्या प्रयोगातून आणखी एक धडा मिळाला, आणि तो तुमच्या फार उपयोगाचा आहे. एकच देखणा मार्ग बांधल्याने सायकल चालवणारे फारसे वाढले नाहीत. पुढे १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहराने गल्ल्या, चौक आणि शाळा जोडणारे जाळे बांधले तेव्हा फरक दिसला. आपल्याकडे पुण्यात २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, पण त्याआधी बांधलेले कितीतरी मार्ग चौक आला की संपत आणि मधल्या पट्ट्यांवर गाड्या लागत. चौकात, म्हणजे जिथे धोका खरा असतो तिथेच, मार्गाने साथ सोडली तर त्याचा काय उपयोग?

यावरून मला तुमच्या मागणीचा क्रम बदलावासा वाटतो. तुम्ही चार किलोमीटरचा मार्ग आधी आणि फाटा नंतर धरला आहे. मी फाटा आधी धरीन. अपघात फाट्यावर झाला. वळणारे ट्रॅक्टर, थांबणाऱ्या काळी-पिवळ्या जीप, एसटीची वाट पाहणारी माणसे आणि न थांबता जाणारे टिप्पर हे सगळे तिथल्या दीड-दोनशे मीटरांत एकमेकांना छेदतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाला मुलगी दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. वेग ३० वर आला की तेच अंतर निम्मे होते आणि धक्क्यातला जोर पावपट उरतो. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तरी जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो.

वेग कमी करायचा म्हणजे रातोरात मुरूम आणि सिमेंट टाकून उंच ब्रेकर करायचा, असे मात्र होऊ देऊ नका. अपघातानंतर गावोगावी हे होते आणि त्याची किंमत बहुधा मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई मोजते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गतिरोधकाचे नेमके माप आहे : ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच, म्हणजे वाहन ताशी साधारण २५ किलोमीटर वेगाने धक्का न बसता जाऊ शकते. त्याच्या आधी सूचनाफलक हवा, वर पांढरे पट्टे हवेत आणि रात्री तो दिसावा म्हणून जवळ दिवा हवा. तुमच्या निवेदनात नुसते "गतिरोधक बसवावा" असे लिहू नका. मानकाप्रमाणे गतिरोधक, फाट्याच्या दोन्ही बाजूंना थोडा उचललेला पादचारी पट्टा, बसथांब्याची जागा फाट्याच्या तोंडापासून जराशी पुढे आणि दोन दिवे, असे नावानिशी मागा. अभियंत्याला मोघम मागणी टाळणे सोपे जाते.

याहूनही लवकर होण्यासारखे एक काम आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेळेत अवजड वाहनांना मनाई करता येते. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी दीड-दीड तास टिप्पर या रस्त्यावर नकोत, एवढीच मागणी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडे करा. या मागणीने कुणाची टपरी उठत नाही आणि कुणाचा धुरा जात नाही. फाट्यावरच्या दुकानदारांची सही सर्वांत आधी याच कागदावर मागावी असे मला वाटते, कारण टिप्परची धूळ दिवसभर त्यांच्याही चहात पडते.

आता टपऱ्यांबद्दल. तुमच्या पत्रात टपऱ्या हा अडथळा आहे. मी तुम्हाला उलट बाजूने पाहायला सांगते. हिवाळ्यात साडेपाच-सहाच्या सुमारास जादा तासाहून परतणारी मुलगी फाट्यावर येते, तेव्हा तिथे उजेड कुणाचा असतो? तिची साखळी उतरली तर कोण धावते? कुणी त्रास दिला तर ती कुणाच्या दुकानात शिरते? सहा वाजल्यानंतर त्या रस्त्यावर जागी असणारी माणसे म्हणजे हेच दुकानदार. सुरक्षित रस्ता म्हणताना आपण फक्त वाहनांचा विचार केला आणि टपऱ्या उठवून फाटा सुनसान केला, तर मुलींच्या नकाशावर नव्या लाल खुणा उमटतील. तेव्हा टपऱ्या हटवा असे तुमच्या निवेदनात कुठे लिहिले असेल तर ते काढून टाका. टपऱ्या दोन-तीन मीटर मागे, एका रेषेत, समोर सायकली आणि मोटारसायकली उभ्या करायला पट्टा सोडून मांडता येतात का, हे दुकानदारांनीच चुना टाकून आखून दाखवावे. जागा कुणाची, किती आणि कुठवर, हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि अभियंत्यापेक्षाही चांगले ठाऊक असते. रस्ता राज्यमार्ग असल्याने अंतिम परवानगी सार्वजनिक बांधकाम विभागाची लागेल हे खरे. पण दुकानदारांनी स्वतः आखलेली रेषा घेऊन गेलात तर अतिक्रमण हटाव पथक येण्याची त्यांची भीती पुष्कळ कमी होईल, आणि तुमच्या मागणीला विरोध करण्याचे त्यांचे मुख्य कारणच उरणार नाही.

शेतकऱ्यांची भीती वेगळी आहे आणि ती ऐकीव माहितीवर उभी आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते. रस्त्याची सरकारी हद्द किती मीटरची आहे, रुंदीकरणात त्यातली किती वापरली आणि साइड पट्टीला किती उरली, हे गावात कुणालाच नक्की माहीत नाही. माहिती अधिकारात बांधकाम विभागाच्या उपविभागाकडे रस्त्याचा मंजूर आराखडा आणि हद्दीचा नकाशा मागा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. सायकल मार्गाची किमान रुंदी जुन्या मानकाप्रमाणे दोन मीटर धरली जाते. रस्त्याच्या हद्दीतच तेवढी जागा निघत असेल तर जमिनीचा वाद तिथेच संपला. निघत नसेल तर ते आधीच कळलेले बरे, कारण मग सलग मार्गाचा हट्ट न धरता, जिथे जागा आहे तिथे मार्ग आणि जिथे नाही तिथे वेग कमी, अशी सांगड घालता येईल.

यात आणखी एक अडचण येणार आहे, जी शहरातल्या आराखड्यात कुणी लिहीत नाही. सोयाबीन निघाले की सपाट, कोरडी, स्वच्छ जागा दिसेल तिथे ते वाळत पडते, आणि नवा सायकल मार्ग म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने नवे खळेच असेल. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्या पंधरा-वीस दिवसांत अवकाळीच्या भीतीने माणूस जागा शोधत असतो. ग्रामपंचायतीने वाळवणासाठी एखादा सिमेंटचा ओटा किंवा शाळेचे मैदान त्या दिवसांपुरते दिले, तर मार्ग मोकळा राहील. हा प्रस्ताव तुम्हीच मांडा. ज्या शेतकऱ्याला वाटते की हे लोक माझी जागा घ्यायला आले आहेत, त्याला तुम्ही जागा देऊ करता आहात हे दिसेल. झाडांचेही तसेच आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि मार्चपासूनच डांबर तापते. सावली नसलेला सायकल मार्ग सकाळची शाळा सुटेपर्यंत तवा झालेला असतो. रुंदीकरणाच्या नावाखाली उरलेले कडुनिंब आणि चिंचा तोडून मार्ग करू नका. २०२० साली वर्धा ते सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडे तुटू लागली तेव्हा वर्धेकर एकत्र आले होते, ते उगीच नाही. झाडाला वळसा घालून गेलेला मार्ग वाकडा दिसला तरी चालेल.

तुमच्या गावात जुनी पांदण (शेतांमधून जाणारी वाट) आहे, ती थेट तालुक्याच्या बाजारामागे निघते, आणि काही जण मुलींना त्या वाटेने पाठवा म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. पांदण मोकळी करणे हे चांगलेच काम आहे. तिच्यावर कुणी काटे टाकून वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार ती खुली करून देऊ शकतात, आणि खडीकरणासाठी शेत-पाणंद रस्त्यांची सरकारी योजना कोणती चालू आहे ते तिथेच विचारा. काळ्या मातीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो म्हणून आज बंड्या आणि ट्रॅक्टर मोठ्या रस्त्याने जातात. पांदण पक्की झाली तर तेवढी गर्दी कमी होईल. पण मुलींना पांदणीने धाडण्याचा निर्णय मुलींना विचारल्याशिवाय घेऊ नका. जिथे चार किलोमीटरांत एक दिवा नाही आणि एक घर नाही, ती वाट टिप्परपासून सुरक्षित असली तरी सगळ्याच अर्थांनी सुरक्षित नसते. माझा कौल विचाराल तर पांदण शेतीसाठी पक्की करावी आणि मुलींचा मार्ग माणसांच्या नजरेसमोर, मोठ्या रस्त्यालगतच असावा.

"आता सायकल कोण चालवतो, सगळ्यांकडे मोटारसायकल आहे" हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकवले जाते. त्याला वाद घालून उत्तर देऊ नका, मोजून द्या. एक आठवडी बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस निवडा. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा या वेळेत फाट्यावर वही घेऊन बसा. सायकल, पायी, बंडी, मोटारसायकल, ऑटो, ट्रॅक्टर, टिप्पर असे रकाने आखा, सायकलवर बाई की पुरुष, लहान की मोठे एवढे नोंदवा आणि पाच-पाच रेघांचे गठ्ठे करत जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या संहितेत असा निकष आहे की, रस्त्यावर गर्दीच्या तासाला २०० हून अधिक मोटार वाहने जात असतील तर त्या तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. निकष जुना आहे, पण आपण त्या आकड्यांच्या किती जवळ आहोत हे त्यावरून समजते. त्या वहीत कदाचित तुम्हालाही अनपेक्षित माणसे सापडतील : निंदणाला निघालेल्या मजूर बाया, डबा लटकवून जिनिंगवर जाणारे कामगार, पेट्रोल परवडत नाही म्हणून पुन्हा सायकल काढलेला गवंडी. तुमच्या निवेदनात फक्त शाळकरी मुली आहेत. या माणसांना त्यात आणा, तुमचा पाठिंबा एका दिवसात रुंद होईल.

आणि रस्त्यावर दिसणाऱ्या सायकलींबरोबर घरात पडून असलेल्या सायकलीही मोजा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आहे. तुमच्या गावात अशा किती सायकली आल्या आणि त्यांतल्या किती आज गोठ्यात टेकवून ठेवल्या आहेत, का ठेवल्या आहेत, हे बचत गटाच्या बायका एका संध्याकाळी घरोघर जाऊन विचारू शकतात. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नावनोंदणी जवळपास एक तृतीयांशाने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले, आणि हा फरक मुख्यतः ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून दूर होती तिथे पडला. तुमचे अंतर चार किलोमीटर आहे. शासनाने सायकल दिली ती शाळेपर्यंत जाण्यासाठी. मग त्या सायकलपुरता रस्ता मागणे ही मेहेरबानीची याचना होत नाही, हे ग्रामसभेत ठामपणे सांगता येईल.

एक प्रश्न तुमच्या गटासाठी आहे. तुमच्यापैकी किती जणींना सायकल येते? तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, त्यांत शेतमजूर होत्या आणि खाणीवर काम करणाऱ्याही होत्या. पाण्याला, बाजाराला, दवाखान्यात जायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना. तुमच्या गटातल्या दहा जणी जरी शाळेच्या मैदानावर सायकल शिकल्या आणि बाजाराच्या दिवशी मिळून तालुक्याला गेल्या, तरी मागणी करणाऱ्या आणि वापरणाऱ्या एकच आहेत हे साऱ्या गावाला दिसेल.

रस्ता रोकोबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आत्ता नको. तुमच्या गावातली जी मुले पुढे होऊन आडवे बसायला तयार आहेत, त्यांतली निम्मी पोलीस भरतीची किंवा सैन्याची तयारी करत असतील. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो आड येतो, आणि मागे घेतला जाईल असे आश्वासन देणारा पुढारी तेव्हा फोन उचलेलच असे नाही. शिवाय रस्ता रोकोत दिवसभर अडकतात ते बसमधले पेशंट आणि कापसाची गाडी भरून निघालेला शेतकरी. म्हणजे ज्यांची साथ हवी तेच. या मुलांचा उत्साह वाया जाऊ देऊ नका. त्यांना मोजणीला बसवा, ट्रॉल्या आणि बंड्यांच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायला पाठवा, शाळा सुटताना फाट्यावर शिट्टी घेऊन उभे करा.

कागदाची वाट अशी धरा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी अशी आपल्या राज्यात कायद्याची तरतूद आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती फक्त रजिस्टरवर होते. तुमच्या गावात ती खरोखर होईल हे पाहा, तिथे मुलींचे नकाशे आणि मोजणीची वही मांडा आणि ठराव तिथून ग्रामसभेत न्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे, म्हणजे तुमचा गट आणि त्यांच्या घरची माणसे आली तरी सभा तहकूब होणार नाही. राज्यमार्ग ग्रामपंचायतीचा नसल्याने ठराव बांधकाम विभागावर बंधनकारक ठरत नाही, हे आधीच समजून घ्या, नाहीतर नंतर निराशा होईल. ठरावाची प्रत उपविभागीय अभियंता, नगरपंचायत, पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी यांना द्या. जिल्हाधिकारी हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात आणि या समितीच्या बैठकीत तुमचा फाटा विषयपत्रिकेवर यावा एवढेच तुमचे पहिले उद्दिष्ट ठेवा. पत्रात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ चा उल्लेख सौम्य शब्दांत अवश्य करा. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो असे ते कलम सांगते. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या आणि त्या सगळ्या एका फायलीत लावा. ज्या वाचकांच्या गावात रस्ता जिल्हा परिषदेचा आहे त्यांनी अभियंत्याच्या जागी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे नाव घालावे, बाकी वाट तीच आहे.

घराचे शेवटी लिहिते, कारण ते सर्वांत अवघड आहे. "मी घर सांभाळू की रस्ता" असा प्रश्न तुम्ही केला आहे, आणि तो तसा मांडला गेला की तुमच्या हातात फक्त हार उरते. तुमच्या दिरांना मुली सुरक्षित नकोत असे नाही. तुमच्या पत्रातच आहे की त्या दिवशी मुलीला दुकानातल्या खाटेवर घालून ऑटो बोलावणारे पहिले तेच होते. त्यांना भीती आहे ती दुकानाची, आणि तुमची मागणी त्यांनी तुमच्या तोंडून ऐकली नाही. बाजारात चार लोकांकडून ऐकली. घरातल्या माणसाचे पोट ज्या जागेवर आहे, तिथल्या बदलाचा कागद सहीसाठी गावात फिरतो आणि त्याला तो सर्वांत शेवटी दिसतो, हे त्यांच्या मनाला लागले असणार. तेवढ्यापुरती चूक कबूल करायला तुम्हाला कमीपणा वाटू नये. मामाजींच्या (सासऱ्यांच्या) समोर, जेवणे झाल्यावर, निवेदनातली टपऱ्यांची ओळ खोडून दाखवा आणि त्या जागी काय लिहावे हे त्यांनाच विचारा. तुमची जाऊ या सगळ्यात गप्प आहे असे तुम्ही लिहिले. तिची मुलगी पुढच्या जूनमध्ये आठवीला त्याच शाळेत जाणार आहे, तेव्हा तिच्याशी वेगळे, स्वयंपाकघरात बोला. तिला बाजू घ्यायला लावू नका, फक्त मुलीला कसे पाठवणार एवढे विचारा.

मोजणीच्या दिवशी बसायला सावली लागेल. भाऊजींच्या दुकानासमोरचा बाक मागा. त्यांनी दिला तर वहीतली पहिली रेघ त्यांच्याच हातून ओढून घ्या. दिला नाही तर समोरच्या बसथांब्यावर बसा, पण मोजणी ठरलेल्या बाजाराच्या दिवशीच करा.